एक डोळा झाकून

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा महिना. केंद्र शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेल्या प्रत्येकाने या महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. न दिल्यास निवृत्तिवेतन थांबते. माझी आई केंद्र शासनाच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. वडिलांच्या पश्चात ती ग्वाल्हेरचे घर बंद करून आमच्याकडे दिल्लीला आली, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिला बँकेत घेऊन जाणे हे माझे काम झाले.

२०१८ च्या नोव्हेंबरात ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून झालेली असल्याने कागद भरण्याचा प्रश्न नव्हता. बोट यंत्रावर ठेवले की झाले. परंतु वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. आईची दहाही बोटे यंत्राने नाकारली. शेवटी बँकेतल्या मुलाने दुसरे यंत्र काढले, ते तिच्या डोळ्यांसमोर धरले, बुबुळाभोवतीची नक्षी तपासली गेली आणि क्षणार्धात ती हयात असल्याचे सिद्ध झाले. आई हसून म्हणाली, "चला, बोटे गेली तरी डोळे शाबूत आहेत."

त्याच आठवड्यात टपालाने दिवाळी अंक आले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे सांगावयास नको की आपल्याकडे दिवाळी अंक दिवाळी संपल्यावर पोहोचतो आणि पुढे होळीपर्यंत पुरवून वाचला जातो. आईने पहिलाच अंक उघडला आणि मला हाक मारली. "अरे, या वर्षी छपाई बिघडली आहे बघ. मधल्या ओळी खचल्यासारख्या दिसतात. शिरोरेषा मोडल्यात." मी फायलीतून मान वर न करता म्हणालो, "हल्ली सगळेच घाईत छापतात."

हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवले आहे.

जानेवारीत तिने चष्मा जड वाटतो अशी तक्रार केली. चष्मेवाल्याने क्रमांक बदलून दिला. फेब्रुवारीत दवाखान्यात दाखवले. तेथे भिंतीवरील अक्षरांचा तक्ता तिने दोन्ही डोळ्यांनी वाचला, शेवटच्या दोन ओळी सोडून सर्व. मोतीबिंदू सुरू झाला आहे, पिकला की पाहू, असे सांगण्यात आले. हे खोटे नव्हते. त्या वयात मोतीबिंदूची सुरुवात बहुतेकांना असतेच. पण एक खरे कारण हाती लागले की माणूस दुसरे शोधत नाही, हा आमच्या लेखातपासणीतला जुना अनुभव येथेही लागू पडला.

मार्चमधली एक दुपार. आई कुशीवर झोपली होती, डावा डोळा उशीत दबलेला. जाग आली तेव्हा समोर खिडकी होती. तिचे गज मधोमध वाकलेले दिसले. तिने वर पाहिले तर छताचा पंखा फिरत होता, पाती दिसत होती, पण मधला गोल भाग नव्हता. त्या जागी राखाडी डाग. ती उठून बसली, दोन्ही डोळे उघडले, आणि सर्व काही जागच्या जागी आले. पुन्हा डावा डोळा झाकला, पुन्हा पंख्याचा मध्य नाहीसा. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत तिने हे बारा-पंधरा वेळा करून पाहिले होते. शिक्षिकेची खात्री करून घेण्याची सवय.

दुसऱ्या दिवशी दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांकडे गेलो. तरुण डॉक्टरबाईंनी कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. दहा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरे, म्हणजे वीस गुणिले वीस, चारशे घरे. आणि बरोबर मध्यभागी एक ठिपका. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणलेला हा तक्ता 'आम्स्लर ग्रिड' या नावाने ओळखला जातो. वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, सुमारे तीस सेंटीमीटरवर धरून ठिपक्याकडे पाहावयाचे. त्या अंतरावर एकेक घर डोळ्याशी जवळपास एका अंशाचा कोन करते, म्हणजे दृष्टीच्या केंद्राभोवतीचा दहा-दहा अंशांचा प्रदेश या कागदात सामावतो. प्रश्न चारच. ठिपका दिसतो का? नजर ठिपक्यावरच ठेवून चारही कोपरे जाणवतात का? सर्व रेषा सरळ आहेत का? कोठे घरे पुसट, लहानमोठी किंवा गायब आहेत का?

डाव्या डोळ्याला सर्व ठीक होते. उजव्या डोळ्याला ठिपकाच दिसेना. बाईंनी पेन्सिल दिली आणि जे दिसते ते काढावयास सांगितले. आईने थरथरत्या हाताने ज्या रेषा काढल्या त्या मध्याशी येताना आत ओढल्यासारख्या वाकत होत्या. पाण्यात दगड पडल्यावर चाळणीचे प्रतिबिंब हलावे तशा.

"केव्हापासून असे दिसते?" त्यांनी विचारले.

"कालपासूनच लक्षात आले," मी म्हणालो.

"दिवाळीपासून," आई म्हणाली. "मी याला सांगितले होते. छपाईत दोष आहे असे वाटले."

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाच-साडेपाच मिलिमीटरचा एक पिवळसर प्रदेश असतो, त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे, ही सर्व बारीक कामे त्याच्या जोरावर चालतात. (मोतीबिंदू आणि काचबिंदू हे आपल्या परिचयाचे. त्यामुळे आमच्या एका आत्याबाईंनी पीतबिंदू हा त्यांचा तिसरा भाऊ समजून 'तो कधी काढणार?' असे फोनवर विचारले. पीतबिंदू हा रोग नव्हे, तो प्रत्येकाच्या डोळ्यात असतो. वयोमानानुसार त्याचा ऱ्हास होतो तेव्हा तो रोग.) हा ऱ्हास दोन प्रकारचा. शुष्क प्रकारात पटलाखाली पिवळट कण साचतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू हानी होते. आर्द्र प्रकारात पटलाखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात, पटल उचलले जाते, आणि म्हणून सरळ रेषा वाकडी दिसू लागते. हा प्रकार कमी जणांना होतो, पण दृष्टी झपाट्याने नेतो. कडेची दृष्टी राहते. माणूस घरात वावरतो, धडकत नाही, आणि म्हणून घरच्यांना काही कळत नाही.

या वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे डोळ्यात टोचता येतात. अमेरिकेत २००६ साली रॅनिबिझुमॅबला मान्यता मिळाली आणि तेथून या रोगाचे चित्र पालटले. पाझर थांबतो, दृष्टी टिकते, काहींची सुधारतेही. मात्र एकदा पटलावर व्रण तयार झाला की तेथील पेशी परत येत नाहीत. आईच्या उजव्या डोळ्यात तो झाला होता. तीन इंजेक्शने दिली. व्रण पसरणे थांबले, मध्यभागाची दृष्टी गेली ती गेली. दिवाळीत आलो असतो तर काय झाले असते, हे मी विचारले. डॉक्टरबाईंनी सरळ उत्तर दिले नाही, जे त्यांच्या सौजन्याला धरून होते.

माझे शिक्षण अर्थशास्त्राचे, नोकरी हिशेबाची. तीस वर्षे मी कनिष्ठांना एकच गोष्ट सांगत आलो आहे की दोन खात्यांची शिल्लक एकत्र मांडू नका. एका खात्यातील तूट दुसऱ्याच्या शिलकीत लपते आणि वर्षअखेर सर्व आलबेल दिसते. आईच्या डोळ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. डावा डोळा उजव्याची तूट मुकाट्याने भरून काढीत होता. शिवाय मेंदू हा इतका आज्ञाधारक लेखापाल की रिकाम्या जागी आजूबाजूचा मजकूर भरून पान पूर्ण करून देतो. दिवाळी अंक वाचताना मात्र ती कदाचित मान कलती करून एकाच डोळ्यावर भार देत असावी, म्हणून तेवढा हिशेब उघडा पडला. देवनागरी वाचणाऱ्याला ही एक अनाहूत सोय आहे. आपल्या प्रत्येक ओळीच्या माथ्यावर एक सरळ रेघ आयती आखलेली असते.

बँकेतल्या यंत्राने तिचे दोन्ही डोळे पाहिले होते. भिंतीवरचा तक्ता दोन्ही डोळ्यांनी वाचून घेण्यात आला होता. माझ्या स्वतःच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या कागदावर 'दृष्टी' या शब्दापुढे एकच रिकामी जागा होती आणि तीत दरवर्षी 'सामान्य' असा शेरा पडत असे. एक डोळा झाकून मग विचारा, एवढीच गोष्ट राहून गेली होती. तिला पैसा लागत नाही, विजेची जोडणी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच ती कोणाचेच काम नसते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याची आखणी मोतीबिंदूभोवती झाली हे योग्यच होते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही पन्नाशीपुढील अंधत्वाची दोन-तृतीयांश कारणे मोतीबिंदूतच सापडली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोजता येते, तिचे उद्दिष्ट जिल्ह्याला देता येते, मार्चअखेर ते गाठता येते. या कार्यक्रमाने लाखो माणसांना दृष्टी दिली आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण व्याख्येकडे पाहा. अंधत्व मोजले जाते ते दोन्हींपैकी चांगल्या डोळ्याने. (२०१७ साली ही मर्यादा ६/६० वरून ३/६० वर आणली गेली, त्यामुळे आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना जपून करावी, असो, हा हिशेबनीसाचा किंतु.) लोकसंख्येचे दुःख मोजण्यास ही व्याख्या रास्त आहे. परंतु ज्या रोगात पहिला डोळा जाणे हीच दुसऱ्यासाठी सूचना असते, त्या रोगातील ती सूचना या मोजणीत कोठेच उमटत नाही. माझी आई कोणत्याही तक्त्यात नाही.

उपचाराच्या खर्चाची कथा वेगळी आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रोचक. रॅनिबिझुमॅबच्या आधी, २००४ साली, आतड्याच्या कर्करोगासाठी बेवासिझुमॅब हे औषध मान्य झाले होते. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच कुळातली. कर्करोगाच्या औषधाचा अगदी छोटा भाग डोळ्यात टोचून डॉक्टरांनी तोच गुण मिळवला आणि अमेरिकेत एका मात्रेचा खर्च सुमारे दोन हजार डॉलरवरून पन्नासच्या आसपास आला. डोळ्यासाठी मान्यता मागण्यात कंपनीला स्वारस्य नव्हते, हे ओघानेच आले. अखेर अमेरिकेत सार्वजनिक निधीतून दोहोंची तुलना केली गेली आणि २०११ साली वर्षभराच्या उपचारानंतर दृष्टीवरील परिणाम समान आढळला. भारतात २०१५ साली रॅनिबिझुमॅबची देशी समरूप आवृत्ती आली. आपल्याकडील विमा कंपन्या मात्र 'रुग्ण दाखल नव्हता' या कारणाने ही इंजेक्शने नाकारीत असत. २०१९ साली विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना वगळता येणार नाही असे बजावले, त्यांत डोळ्यातील इंजेक्शनांचाही समावेश केला. आईच्या बाबतीत मंजुरीच्या फायलीवर एका कार्यालयाने विचारले होते की रुग्णाने एकूण किती रात्री रुग्णालयात काढल्या. मी 'शून्य' असे उत्तर दिले. फाईल परत आली, शून्य अक्षरात लिहा म्हणून.

असो. डॉक्टरबाईंनी निरोप देताना तो चौकटींचा कागद आईच्या हाती दिला होता. डाव्या डोळ्यातही पिवळे कण आहेत, दर आठवड्याला पाहा, काही बदल दिसला तर त्याच दिवशी फोन करा. या कागदावर सर्वस्वी विसंबू नका हेही त्यांनी बजावले, कारण प्रारंभीचा बदल तो अनेकदा पकडत नाही. दर काही महिन्यांनी बाहुली विस्फारून आणि पटलाचे चित्र घेऊन पाहिलेच पाहिजे. आईने तो कागद स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी टाचला. दर गुरुवारी सकाळी, चहाच्या आधी, उजेड खिडकीतून येत असताना ती चष्मा लावून उभी राही आणि पाहून झाले की कालनिर्णयच्या त्या घरात बारीकशी खूण करी. चौकटीशेजारी चौकट.

ऑगस्ट २०२१ मध्ये एका गुरुवारी ती माझ्या खोलीत आली. मी एका दूरदृश्य बैठकीत होतो. एरवी ती अशा वेळी दारातूनच परत जाते. त्या दिवशी गेली नाही. "ठिपक्याच्या डाव्या बाजूची तिसरी रेघ वाकली आहे," ती म्हणाली. "परवा नव्हती. छपाई नाही, मी कागद फिरवून पाहिला. रेघ फिरली नाही, वाकडेपण तेथेच राहिले."

कागद फिरवून पाहण्याची युक्ती तिला कोणीही शिकवलेली नव्हती. दोष कागदात असता तर कागदाबरोबर फिरला असता. मी बैठक सोडली. चौथ्या दिवशी पहिले इंजेक्शन झाले. त्यानंतर बरीच झाली, अजूनही अधूनमधून होतात. त्या डोळ्याने ती आज, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, वाचते. अक्षर थोडे मोठे लागते, दिवा जवळ लागतो, पण वाचते.

या अनुभवानंतर, २०२२ च्या नोव्हेंबरात, आमच्या कार्यालयाच्या निवृत्तिवेतन मेळाव्यात हा तक्ता वाटावा असा प्रस्ताव मी मांडला. दाखल्यासाठी वृद्ध माणसे आपण होऊन येतात, रांगेत बसतात; तेवढ्या वेळात दोन मिनिटे एक डोळा झाकणे सहज शक्य होते. माझ्या एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला. हे आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही, हा पहिला आक्षेप मला अपेक्षित होता. दुसरा नव्हता. तो म्हणाला, "समजा कोणाला रेषा वाकड्या दिसल्या, तर पुढे त्याने जायचे कोठे? ते ठरवले नसेल तर तुम्ही त्याला फक्त घाबरवून घरी पाठवाल." मी थोडा चिडलो आणि नंतर ओशाळलो, कारण तो बरोबर होता. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी लिहिलेल्या चाळणी-तपासणीच्या कसोट्यांत हेच आहे. निदान झालेल्यास उपचार उपलब्ध असला पाहिजे, नाहीतर तपासणी करू नये. मग शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागाशी बोलून आमची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून घेतला. यास तीन आठवडे आणि सात फोन लागले. तक्त्याला काही तास लागले होते.

मेळाव्याच्या दिवशी पहिल्या तासात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला रेषा तुटलेल्या दिसू लागल्या. मेळाव्यात कुजबुज सुरू झाली, दोघी बहिणी रडवेल्या झाल्या. मी धावत जाऊन एक कागद हाती घेतला. आमच्या कार्यालयातील छायाप्रतीच्या यंत्राची शाई संपत आली होती. कागदाच्या मधोमध एक पांढरा पट्टा उतरला होता, त्यात ठिपकाही गेला होता. छपाई खरोखरच बिघडली होती! बाजारातून नव्या प्रती येईपर्यंत सर्वांना चहा पाजला.

दुपारनंतर काम नीट झाले. काहींनी वाचण्याचा चष्माच आणला नव्हता, काहींना झाकलेल्या डोळ्याच्या बोटांतून पाहण्याचा मोह आवरेना. ज्यांना चिठ्ठी द्यावी लागली असे थोडेच निघाले. त्यांत एक निवृत्त डाक निरीक्षक होते, मितभाषी, एकटे आलेले. डाव्या डोळ्याने पाहताना त्यांनी ठिपक्याच्या खाली बोट ठेवून म्हटले, "येथे काही घरे नाहीत." आणि मग, "मला वाटले होते हे सर्वांचेच असे असते." त्यांच्या बाबतीत कारण मधुमेहाचे निघाले, पीतबिंदूवर सूज होती. उपचार सुरू झाले. दरवर्षीच्या मेळाव्यात ते येतात आणि तक्ता वाटण्याच्या टेबलाशी बसतात. त्यांना कोणी नेमलेले नाही.

गेल्या महिन्यात दौऱ्यावरून परतलो तेव्हा कालनिर्णयवर दोन गुरुवार कोरे दिसले. मी आईला जरा कडक आवाजातच विचारले. चष्म्याची काडी मोडली होती, दुरुस्तीला दिला होता, म्हणून राहिले, ती म्हणाली. आणि मग, शिक्षिकेच्या जुन्या स्वरात: "तुझे शेवटचे केव्हा झाले?"

हा रोग घराण्यात उतरण्याचा संभव असतो. आईला झाला म्हणजे मुलांनी पन्नाशीनंतर पाहून घ्यावे, हे मला त्या पहिल्या दिवशीच सांगितले गेले होते. मेळाव्यांत शेकडो जणांच्या हाती तो कागद दिला. स्वतःचा एक डोळा झाकून मी त्याच्यासमोर उभा राहिलो तो त्या संध्याकाळी. रेषा सरळ होत्या. तरीही पुढच्या आठवड्यात बाहुली विस्फारून तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांत कडेला पिवळ्या कणांचे चार-दोन ठिपके आहेत, या वयात काहींना असतात, वर्षभराने पुन्हा या, असे त्याच डॉक्टरबाई म्हणाल्या. आता त्यांचेही केस थोडे पांढरे झाले आहेत. आईने कालनिर्णयवर माझ्यासाठी वेगळ्या शाईची खूण सुरू केली आहे.